शर्यतीची बेबी आणि तिसरा इसम

सन १९६३ च्या दसऱ्याला स्वतःच्याच मोटारीमागून सायकल मारत जाणारा माणूस उभ्या यवतमाळात एकच होता, आणि तो वकील होता.

मोटार पुढे चालली होती. तिच्यात शेजारचे रिटायर पोस्टमास्तर नानाजी, त्यांच्या पत्नी, दोन सुना, सुनांची मिळून चार लेकरं आणि या सर्वांच्या फटीत कुठेतरी इंदुताई, म्हणजे खुद्द मोटारमालकाची बायको, एवढी मंडळी सोनं द्यायला निघाली होती. हाकत होता नानाजींचा जावई. "जावई सणाले आला अन् त्याले मोटार हाकू नाही द्याची, हे बरं दिसते काय वकीलसाहेब?" असा सवाल नानाजींनी टाकला होता, आणि वीस वर्षं लोकांची उलटतपासणी घेणाऱ्या मारोतराव गावंडे वकिलांनी किल्ली काढून दिली होती. ते मागून सायकलवर येत होते. हँडलला नानाजींची छत्री लटकत होती, कारण ती मोटारीत मावली नाही.

मोटार तशी लहानखुरी, चार माणसांची. एका कापसाच्या व्यापाऱ्याने वापरून झाल्यावर ती मारोतरावांना विकली, त्या दिवसापासून गल्ली तिला बेबी म्हणे. आणि घरात बेबी असली की ती साऱ्या गल्लीने खेळवायची असते, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. मारोतरावांनी ती कोर्टात जायला घेतली होती. प्रत्यक्षात ती मुलगी पाहायला गेली, मुलगी दाखवायला गेली, गणपती आणायला गेली, गणपती बुडवायला गेली, आणि एकदा नानाजींच्या म्हशीचं औषध आणायला गेली; म्हैस आत मावत नव्हती म्हणूनच केवळ औषधावर भागलं. गल्लीतली अकरा लेकरं जन्माच्या आधी या मोटारीतून दवाखान्यात गेली. बाराव्याने वाटेतच घाई केली. चार वर्षं झाली, पण खिडकीवर कोपर टेकवून, शेजारी कुणाचं पोर नाही, मागे कुणाची सासू नाही, असा एक मैल मारोतरावांच्या वाट्याला आला नव्हता. माणसाच्या इच्छा फार मोठ्या नसतात. पण त्या शेजाऱ्यांच्या मध्ये येतात.

डिसेंबरात नागपूरच्या वर्तमानपत्रात एका हौशी मोटार क्लबाची जाहिरात आली. संक्रांतीनंतरच्या रविवारी मोटार रॅली: यवतमाळहून पांढरकवडा, तिथून झरी जामणीच्या जंगलातून मारेगाव, आणि परत यवतमाळ. मारोतरावांनी नियमावली मागवली. नियम पहिला त्यांनी वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला, आणि चौथ्यापाशी आल्यावर चष्मा पुसून उभे राहिले.

"इंदू, आईक. 'चालक व सहचालक यांखेरीज गाडीत तिसरा इसम आढळल्यास गाडी बाद ठरेल.' छापील आहे. खाली सेक्रेटरीची सही आहे."

इंदुताई तुरीची डाळ निवडत होत्या. "मंग?"

"मंग म्हंजे? तिसरा इसम नाही! नानाजी नाही, नानाजीचा जावई नाही. कोनी म्हटलं थोडं सरका, तं कागद दाखवता येते."

"एकट्यालेच जाचं आहे तं सायकलनं जा ना," इंदुताई म्हणाल्या. "तिच्यावर कुठं कोन बसते?"

बायकोच्या बोलण्यात तथ्य असलं की मारोतराव त्याची नोंद घेत नसत. त्यांनी त्याच दिवशी प्रवेशपत्रावर सही केली. कागदाच्या मागच्या बाजूलाही नियम होते, ते त्यांनी वाचले नाहीत. मागची बाजू न वाचता अंगठा मारणाऱ्या अशिलांवर ते वीस वर्षं ओरडत आले होते, म्हणून त्यांचा मागच्या बाजूंशी संबंध हा असा नेहमी दुसऱ्याच्या कागदावरच आला होता.

आता घरगुती बेबीला शर्यतीची मोटार करायचं. हे काम करू शकणारा माणूस गावात एकच होता: फुलसिंग. त्याचं गॅरेज लोहाऱ्याच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली होतं, किंवा खरं सांगायचं तर कडुलिंब हेच गॅरेज होतं. फुलसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. मोटारीच्या पोटात नुसता कान लावून तो दुखणं सांगे.

"पयले वजन कमी कराचं," मारोतराव म्हणाले.

"कायले?"

"म्हंजे जोरात पळते."

फुलसिंगने हातातला पाना खाली ठेवला. "वकीलसाहेब, माह्या आज्यानं बैलाईवर मीठ वाह्यलं. बापानं छकड्यात सरकी वाह्यली. मी टरकाईत जिंदगी काढली. तीन पिढ्या झाल्या, पन 'बाबा, कमी भर' असं म्हननारा मानूस तुमीच पयले भेटले."

तरी त्याने काम घेतलं. मागची सीट काढली. मागच्या जागेत पत्रा ठोकला. पण पिढीजात हात असा ऐकतो थोडाच? मारोतराव कोर्टात गेले की हात आपलं काम करी. जंगलात गोटे लागतील म्हणून त्याने इंजिनाखाली कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनातला जाड लोखंडी पत्रा बसवला. मागच्या कमानी नाजूक वाटल्या म्हणून ट्रकाच्या कमानीचे दोन-दोन पाटे चढवले. चौथ्या दिवशी मारोतरावांनी पाहिलं तर बेबी मागून हातभर उंच झाली होती आणि नांगी उगारलेल्या विंचवासारखी उभी होती. वजन कमी करण्याच्या कामात तिचं वजन तीन मणांनी वाढलं होतं.

"हे काय रे?"

"आता भरा किती भराचं ते," फुलसिंग अभिमानाने म्हणाला. "दबली तं माह्यं नाव बदलून टाका."

काढलेली सीट नानाजींनी "सांभाळून ठेवतो" म्हणून नेली आणि आपल्या ओसरीत मांडली. तिच्यावर बसून पेन्शनर मंडळी मारोतरावांच्या बेताची चर्चा करू लागली. आसन मारोतरावांचं असल्यामुळे सल्ला मात्र कुणी राखून ठेवला नाही. त्यांच्यातल्या रिटायर कंपाउंडरांचं म्हणणं, चाकात हवा कमी ठेवावी. नानाजींचं म्हणणं, जास्त ठेवावी. समोरच्या विमलताईंनी मधला मार्ग काढला आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. फुलसिंगने सायलेन्सर कापल्यावर आवाज तर असा निघाला, की दुसऱ्या दिवशी बेबी कोर्टाच्या आवारात शिरली तेव्हा आत चाललेली साक्ष थांबली. न्यायाधीशसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "गावंडे, हे वाहन आहे की पुरावा?" वकिलांच्या खोलीत हे वाक्य पुढे महिनाभर टिकलं. मारोतरावांनी नंतर एक पूर्ण खटला जिंकला, तो दोन दिवसही टिकला नाही.

पण खरी गंमत मोटारीच्या कचेरीत झाली. सीट काढली तर नोंदणीत बदल करायला हवा, हे मारोतरावांनी कायद्याचा माणूस म्हणून स्वतःहून जाऊन सांगितलं. न सांगते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कायद्याच्या माणसावर येणारी बहुतेक संकटं अशी पायी जाऊन आणलेली असतात.

तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडलं. "आसनं किती?"

"दोन."

"मागं काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हंजे जागा. जागेत पत्रा आहे काय?"

"आहे."

"मंग हे मालवाहू."

मारोतरावांनी दीड तास युक्तिवाद केला. जागा आणि माल या दोन भिन्न गोष्टी आहेत, रिकामेपणा हा माल नव्हे, हे त्यांनी इतक्या तळमळीने मांडलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी चहा थांबवून ऐकलं. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "वकीलसाहेब, माह्या रजिस्टरात दोनच रकाने आहेत. प्रवासी, नाही तं मालवाहू. तिसरा तुमी वरून मंजूर करून आना." शर्यत चार दिवसांवर आली होती. मारोतराव मालवाहू झाले. म्हणजे मोटार झाली.

नियमाप्रमाणे तसं दारावर लिहिणं आलं. पेंटर ट्रक रंगवणारा होता. त्याने दारावर शर्यतीचा मोठा नंबर सात काढला, त्याला वेलबुट्टी केली, खाली ठळक अक्षरात "मालवाहू, भार ५ क्विंटल" लिहिलं, आणि कुणी न सांगता मागच्या बाजूला "हॉर्न द्या" असंही लिहून दिलं. मागून हॉर्न देण्याइतकं जवळ कुणी येणार आहे, हे त्याने आधीच ताडलेलं दिसत होतं.

रविवारी सकाळी अकरा मोटारी उभ्या राहिल्या. दहा नागपूरकडच्या, तकतकीत. आत काळे चष्मे घातलेली, तोंडात चिरूट धरलेली मंडळी. अकरावी विंचवासारखी. निशाण पडलं आणि मारोतरावांच्या आयुष्यातला तो मैल सुरू झाला. शेजारी सहचालक म्हणून फुलसिंग होता, पण तो नियमातला इसम. मागे कुणी नव्हतं. मारोतरावांनी कोपर खिडकीवर टेकवलं.

कोपर तिथे जेमतेम मैलभर राहिलं. यवतमाळच्या बाहेरही बेबीला ओळखणारी माणसं होती. वडाखाली, फाट्यावर, कापसाच्या गाड्यांआडून हात वर होऊ लागले. "ओ वकीलसाहेब! रिकामीच चालली काय?" रिकामी मोटार न थांबता पुढे नेणं म्हणजे आपल्याकडे तोंडावर दार लावण्यासारखं. वेग कमी केला की कुणीतरी चढणार, हे मारोतराव चार वर्षांत शिकले होते. म्हणून हात दिसला की ते गाडी जोरात काढत. हात फार होते. पांढरकवड्याच्या तपासणीच्या तंबूपाशी बेबी पोचली ती सर्वांच्या आधी, तब्बल अठरा मिनिटं.

तंबूतल्या गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: अठरा गुण वजा.

"वजा? अहो, मी पयला आलो!"

"म्हणून तर वजा. ही वेळ पाळण्याची स्पर्धा आहे. ताशी पंचवीस मैल. उशीर झाला तरी मिनिटाला एक गुण जातो, लवकर आलात तरी जातो. मागच्या बाजूला आहे सगळं."

मारोतरावांनी कागद उलटला. होतं. हयातभर तारखांवर तारखा घेतलेला हा माणूस पहिल्यांदा वेळेआधी कुठेतरी पोचला होता, तर त्याबद्दल दंड. फुलसिंगने सहानुभूतीने तंबाखू पुढे केली.

"आता मारेगावच्या तंबूत बरोबर टायमावर पोचाचं," मारोतराव दात खाऊन म्हणाले. "एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. या नागपूरवाल्याईले दाखवतोच."

पण झरी जामणीच्या रस्त्यालाही माणसं होती, आणि त्या माणसांनाही हात होते. डोक्याला कळत होतं की सावकाश जायचं, पायाला पटत नव्हतं. जंगलाच्या शेवटच्या नाक्यावर बेबी आली तेव्हा ती पुन्हा पंचवीस मिनिटं पुढे होती.

नाक्यावर बांबू आडवा होता. मागून, हिशेब चुकवून बेबीसारख्याच पुढे निघालेल्या, नागपूरच्या दोन मोटारी आल्या, नाकेदाराने बांबू उचलून त्यांना सलाम केला आणि सोडलं. मग बेबीपुढे बांबू पुन्हा आडवा टाकून त्याने दारावरचं मोठ्याने वाचलं. "मा-ल-वा-हू." वाकून आत पाहिलं. "माल?"

"नाही. रिकामी आहे."

"सागवानाच्या जंगलातून मालवाहू गाडी रिकामी?" नाकेदार हसला. "लाकूड कुठं उतरवलं?"

"अरे बाबा, ही शर्यतीची गाडी आहे. मी वकील आहे."

"मागच्या महिन्यात एकाले पकडलं, तो म्हने मी मास्तर आहो." नाकेदाराने रजिस्टर मांडीवर घेतलं. "भरली गाडी असली तं मी माल लिवतो. रिकामी लिवली तं रेंजरसाहेब मले विचारते, काहून सोडली? काहीतरी लिवाच लागते मले."

दहा मिनिटं गेली. मारोतरावांनी युक्तिवाद सुरू केला, तशी आणखी पाच गेली. शेवटी फुलसिंग खाली उतरला. मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी तुरीची दोन पोती घेऊन बसली होती. दंडभर चुडे, मांडीवर काठी. फुलसिंग तिच्याशी त्यांच्या गोर बोलीत काहीतरी बोलला, हसला, आणि पोती उचलून आणून बेबीत टाकली.

"लिवा," तो नाकेदाराला म्हणाला. "तूर, दोन पोते. मारेगावच्या बजाराले."

नाकेदाराचा चेहरा उजळला. त्याने लिहिलं, बांबू वर केला. एवढ्यात म्हातारी काठी टेकत आली आणि मागचं दार उघडून पोत्यावर बसली.

"हे कोन?" मारोतराव किंचाळले.

"रुपीबाई. आमच्या याडीच्या नात्यातली," फुलसिंग म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्यात आई. "पोतं तिचं आहे तं ती बसनच ना."

"तिसरा इसम! फुलसिंग, गाडी बाद होते! पुढच्या वळणावर उतरव त्या बाईले. पोते बी उतरव. नाका तं झाला."

फुलसिंगने मागे वळून पोत्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी म्हनाल तं मी उतरतो. पन भरलेलं पोतं वाटेत नाही उतरवत आमच्यात. आजा लुटला गेला, तरी मीठ जिथं सांगतलं होतं तिथंच टाकलं त्यानं. एकदा पाठीवर घेतलं म्हंजे घेतलं."

मागून काठी मारोतरावांच्या खांद्यावर टेकली. "बापू, हाक ना. बजार मोडून जाईन."

मारोतरावांनी हाकली. हाकली कसली, दोन खड्ड्यांत आपटली तशी काठी पुन्हा आली. "हळू हाक. तूर आहे, चोरीचा माल नाही." पुढे हात दिसले तरी जोरात काढायची सोय उरली नाही. आणि आश्चर्य असं, की हात वर करणारे पोत्यावरची रुपीबाई पाहून स्वतःच हात खाली घेत. भरलेल्या गाडीला कुणी थांबवत नाही. पहिल्यांदाच मारोतराव शांतपणे, ठरल्या चालीने, बैलासारखे चालले. जवसाची निळी फुलं दिसली. त्यांनी कोपर पुन्हा खिडकीवर टेकवलं. बारा मैल राहिलं ते तिथे.

मारेगावच्या तंबूत गळ्यात स्टॉपवॉच घातलेला एक तरुण उभा होता. बेबी रेषेवर आली तसं त्याने घड्याळ दाबलं, पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं.

"शून्य! साहेब, एका सेकंदाचाही फरक नाही! आजच्या दिवसात असं कुणालाच जमलेलं नाही. या टप्प्याचा वेगळा करंडक आहे, तो तुमचाच..." आणि मग त्याला मागे पोत्यावर बसलेली रुपीबाई दिसली. तरुण भला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजी इथेच उतरणार ना? मग मी काही पाहिलं नाही. तुम्ही फक्त इथे लिहून द्या: तिसरा इसम नव्हता."

फॉर्म पुढे आला. करंडक टेबलावरच होता, चांदीसारखा, दोन कानांचा. मारोतरावांनी पेन काढलं.

"लिवून टाका वकीलसाहेब," फुलसिंग म्हणाला. "याडी उतरूनच राह्यली."

"काय लिवून राह्यले?" रुपीबाईने विचारलं.

"हेच, का तू बसली नव्हती म्हनून."

"बसली नव्हती? मंग मी का पोतं होती?" रुपीबाईने काठी आपटली. "सकाळपासून रस्त्यावर बसली मी. दोन गाड्या डोळ्यादेखत भुर्र गेल्या. एकानं नाही थांबवली. या बापूनं थांबवली. अन् आता म्हनते थांबवलीच नाही?"

बाजारातली पाच-पन्नास माणसं जमली होती. ती सगळी मारोतरावांकडे आदराने पाहू लागली. मारोतरावांना ठाऊक होतं की गाडी त्यांनी थांबवली नव्हती, बांबूने थांबवली होती. पण वीस वर्षांत त्यांच्या बाजूने इतकी ठाम साक्ष कुणी दिली नव्हती, आणि साक्षीदार हातचा घालवणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: तिसरा इसम: होय. रुपीबाई, मालासह. आणि सही केली. या खेपेला मागची बाजूही वाचली. ती कोरी होती.

गाडी बाद झाली. रुपीबाईने ओंजळभर तुरीच्या शेंगा पुढच्या सीटवर टाकल्या, बोटं मोडून दृष्ट काढली आणि ती बाजारात निघून गेली.

बाद गाडीला वेळ पाळायची नसते. बाकीच्या मोटारी ताशी पंचवीस मैलांचा हिशेब करत मागे राहिल्या आणि बेबी यवतमाळात सर्वांच्या आधी शिरली. गल्लीने तोवर नानाजींच्या, संक्रांतीला पुन्हा आलेल्या जावयाला गावच्या नाक्यावर उभं केलं होतं. "आली! सात नंबर पयला आला!" विमलताईंनी ओवाळलं. नानाजींनी हार घातला आणि भाषण केलं. "अहो, मी बाद झालो," मारोतराव चारदा म्हणाले. लोकांना त्यांचा विनय फार आवडला.

इंदुताई तेवढ्या मोटारीशी गेल्या. पत्र्यावर तुरीचे दाणे सांडले होते. त्यांनी दोन उचलले, पाहिले.

"मागं कोन बसलं होतं?"

"एक याडी."

"मंग एकटं जानं नाहीच जमलं तुमाले."

"पन बारा मैल चांगले गेले, इंदू," ते म्हणाले.

नोंदणी परत बदलायची तर सीट दाखवायला हवी होती. सीटवर नानाजींच्या मांजरीने पिल्लं घातली होती, आणि नानाजींचं मत पडलं, "आता कायले बदलवता? मागं बाज मावते." हे मत गल्लीत सर्वांना पटलं. आठच दिवसांत विमलताईंच्या सुनेचे दिवस भरले. भर दुपारी बेबीच्या मागच्या पत्र्यावर बाज चढली, बाजेवर गादी, गादीवर सून आडवी, उशाशी विमलताई. ट्रकाच्या पाट्यांवर बाज हललीही नाही. फुलसिंगने अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं.

मारोतराव कोट घालून चालकाच्या दाराशी गेले, तोच विमलताईंनी आतून हात जोडले.

"तुमी नका वकीलसाहेब. तुमी शर्यतवाले मानूस, लय जोरात हाकता. फुलसिंगले हाकू द्या. अन् पुढं दायी बसते."

गल्लीने मान डोलावली. जोरात हाकण्याची मारोतरावांची कीर्ती आता जिल्हाभर होती, ती एका बाळंतिणीसाठी कोण पणाला लावणार? फुलसिंगने गिअर टाकला. सात नंबरची मालवाहू बेबी संथ, डुलत, नेमक्या चालीने दवाखान्याकडे निघाली.

मागून मारोतराव सायकलवर निघाले. हँडलला बाळंतिणीची उशी अडकवलेली होती. चौकातल्या पोलिसाने नंबर सात ओळखून कडक सलाम ठोकला, तो फुलसिंगने घेतला.